रोल संपू दे

यंदा कापूस लवकर फुटला. दसऱ्याला अजून आठ दिवस आहेत, अन् मोताळ्याच्या बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरंच पांढरं दिसतं. लोक गाडी थांबवतात, वावरात शिरतात, बोंडाजवळ गाल नेतात आणि मोबाईल वर धरून स्वतःचेच फोटो काढतात. परवा एका जोडप्यानं माझ्याच हातात मोबाईल दिला. "काका, एक फोटो काढता का? नुसतं इथं दाबायचं." नुसतं इथं दाबायचं! उभा जन्म हेच दाबण्यात गेला की बाप्पा माझा. तरी दाबलं, आणि दाबल्याबरोबर मोबाईल त्यांच्याकडे फिरवला. "पाहा, बरोबर आला का?"

ही माझी खोड आहे. कुणाचाही फोटो काढला की तो त्याला दाखवल्याशिवाय मी त्याला जाऊ देत नाही. आधार कार्डाच्या फोटोसाठी आलेली म्हातारी म्हणते, "मले काय दाखवतं बाप्पा, मी काय नवरी हाओ?" तरी मी दाखवतो. बायको म्हणते, तुमचं डोकं फिरलं. फिरलं असेल. पण ते कधी फिरलं, कोणत्या वावरात फिरलं, हे मला नीट माहीत आहे. दरवर्षी कापूस फुटला की ते वावर माझ्यापुढे येऊन उभं राहतं.

स्टुडिओ अब्बांनी टाकला. बाजाराच्या गल्लीत, शेजारी कृषी केंद्र. मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा होता. त्यात एक तळं, दोन हंस आणि संगमरवरी महाल. मोताळ्याच्या माणसानं जन्मात हंस पाहिला नव्हता, पण लग्न ठरलेली प्रत्येक पोरगी त्या हंसांपुढं उभी राहून गेली. आतल्या खोलीत लाल दिवा, औषधांचे ट्रे आणि फोटो पक्का करायच्या हायपोचा तो आंबूस वास. तो माझ्या बोटांना इतका बसला होता की आई मला भाकरी थापायच्या परातीजवळ येऊ द्यायची नाही.

अब्बांकडे कॅमेरे दोन होते. एक लग्नाचा, एक मय्यतीचा. तेव्हा मय्यतीलाही फोटोवाला बोलवायचे. कित्येक घरांत माणसाचा एकुलता एक फोटो तो गेल्यानंतरचाच असायचा. खाटेवर टेकवून बसवलेला, कपाळाला गुलाल, आजूबाजूला घरचे. अब्बा मला बजावून सांगायचे, "बेटा, शादी अन् मय्यत एका रोलवर घेऊ नको. जित्याच्या शेजारी मेलेला ठेवू नये." मी हसायचो. डब्यात गुंडाळलेल्या पट्टीला काय कळतं, कोण जितं अन् कोण मेलं? पण मी तो नियम पाळला. अब्बा गेल्यावर मय्यतीचा कॅमेरा बिघडला, तो मी दुरुस्त केला नाही.

आजच्या पोरांना रोल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. छत्तीस फोटोंची पट्टी असायची. कॅमेऱ्याच्या वर एक इवलीशी खिडकी, तिच्यात आकडा दिसायचा. छत्तीस झाले की खटका पुढं सरकायचा नाही. मग तो रोल एसटीच्या कंडक्टरच्या हाती मलकापूरच्या लॅबवर जायचा आणि दोन-तीन दिवसांनी फोटो यायचे. मधेच रोल काढता येत नव्हता असं नाही. काढता यायचा. पण उरलेला वाया जायचा, आणि रोल वाया घालवणं म्हणजे आमच्या धंद्यात ताटातलं टाकून उठणं. म्हणून प्रत्येक फोटोवाल्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं: रोल संपू दे. गिऱ्हाइकालाही त्यात वावगं वाटायचं नाही. पाऊस पडू दे, बस येऊ दे, रोल संपू दे. माणसं थांबायची.

हल्ली कुणी कुणी लिहितात की रोलच्या काळात वाट पाहण्यात काय मजा होती म्हणून. मला असल्या लिहिण्याचा राग येतो. वाट पाहण्यात मजा असते ती ज्याच्याकडे वेळ आहे त्याला.

तर ते वर्ष. समोरच्या गाळ्यात मलकापूरच्या एकानं कॉम्प्युटर आणि डिजिटल कॅमेरा आणून ठेवला आणि बाहेर पाटी लावली: पाच मिनिटांत फोटो. मी त्याची टिंगल करायचो. "पाण्याचा थेंब पडू दे त्याच्या फोटोवर, मंग पाह्य नाक कुठं अन् डोळे कुठं!" लोक माझ्या दुकानात बसून हसायचे, माझाच चहा प्यायचे आणि फोटो काढायला समोर जायचे. पासपोर्ट फोटोंवर माझे रोल भरायचे. ते बंद झालं. लग्नंही तिकडं गेली. जो रोल दोन दिवसांत संपायचा तो तीन-तीन आठवडे कॅमेऱ्यात पडून राहू लागला. समोर जाऊन एकदा तो कॅमेरा हातात घेऊन बघावा, असं कितीदा मनात आलं. पण ताठा होता ना! अब्बांचा स्टुडिओ, अब्बांचे हंस.

शेजारच्या कृषी केंद्रापुढं त्या पावसाळ्यात कंपनीची जीप यायची, भोंगा वाजायचा. या बियाण्यावर बोंडअळी येत नाही. बोंडअळी आली नाही, हे खरं आहे, खोटं कशाला बोलू! पण मावा आला, तुडतुडे आले, पानं लाल पडायला लागली. मग फवाऱ्याची औषधं. बाजाराच्या दिवशी बाटल्यांचा तो तिखट, गोडसर वास माझ्या दुकानात शिरायचा आणि पडद्यावरच्या महालात जाऊन बसायचा, दोन दोन दिवस निघायचा नाही. त्या हंगामात कुणी चहाच्या टपरीवर नुसतं म्हणालं, "अमक्यानं घेतलं," तरी काय घेतलं हे कुणी विचारायचं नाही. मला पोलीस ठाण्यातून बोलावणं यायचं. पंचनाम्याला फोटो लागायचे, आणि साहेबांचा डिजिटलवर अजून भरवसा नव्हता. धंद्यात मला तेवढंच काम उरलं होतं. अशा दिवशी मी चालू रोल अंधाऱ्या खोलीत गुंडाळून काढून ठेवायचो, मुद्दाम नवा घालायचो, आणि मग जुना पुन्हा त्याच आकड्यावर चढवायचो. अब्बांचा नियम तेवढा तरी पाळत होतो.

सुभाष आला तो अशाच एका दुपारी, सायकलवरून. नळगंगेच्या काठच्या गावचा. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केलेला माणूस. त्या साली पहिल्यांदा त्यानं एक वावर वर्षभर कसायला घेतलं होतं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना त्याला मी पाहिलेलं, तेवढीच ओळख. म्हणाला, "चाला दादा, वावरात. फोटो काढाचा हाय."

"कंपनीवाल्याईनं धाडलं का?"

"कंपनी कायची! माह्यासाठी. वेचाच्या आंधी काढू. एकदा वेचला का काय राह्यते?"

मी गाडी काढली. वावर खरंच पाहण्यासारखं होतं. कापूस छातीला लागत होता आणि फुटलेली बोंडं उन्हात डोळ्यांवर येत होती. आणि हा गडी फोटोसाठी धुतलेला पांढरा शुभ्र सदरा घालून त्यात उभा! मी डोक्याला हात लावला. "अबे, पांढऱ्या कापसात पांढरा सदरा? नुसतं मुंडकं दिसन तुह्यं!" तो इतका हसला की धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला. सदरा काढला तर आत बनियन, तेही पांढरंच. शेवटी मी माझा सदरा काढून त्याला दिला, लाल चौकड्यांचा. खांद्याला तो त्याला ढिला झाला. मी उघडा, तो माझ्या सदऱ्यात, आणि लांबून बायाबापड्या आमच्याकडे पाहून पदर तोंडाला लावताहेत. एका बोंडावर त्यानं हात ठेवला, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. मी एकच फोटो घेतला. तेव्हा एका माणसाचा एकच घ्यायचो. खिडकीत आकडा होता सतरा.

पाच-सहा दिवसांनी तो सदरा परत द्यायला आला. धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. "आला का दादा फोटो?" म्हटलं, रोल संपू दे. पुढच्या बाजाराला आला, धोतराच्या कापडात बांधून शेंगा आणल्या. आला का? नाही रे, रोल संपू दे. खिडकीत एकोणीस होते. त्यानंतर आठवडाभरात तीन-चार गिऱ्हाइकं आली आणि आकडा बाविसावर जाऊन बसला. समोरच्या गाळ्यापुढं रांग असायची. मी खुर्ची टाकून रांगेकडे पाहत बसायचो.

तिसऱ्यांदा आला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याच सकाळी एक ठरलेलं लग्न समोर गेलं होतं. तो पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच मी ओरडलो, "कितीदा सांगू बे तुले? रोल संपला नाई. तुह्या एका फोटोपायी रोल फाडू का?"

तो जरा वरमला. पण रागावला नाही. म्हणाला, "बरं बरं, तापू नका दादा. उद्या एक फवारा मारतो, मंग वेचनी लावतो. पुढच्या बाजाराले ज्योतीले अन् पोरीले घेऊन येतो. आमचा सगळ्याईचा काढा. तेवढाच तुमचा रोल लवकर संपन."

आणि हसत हसत सायकलवर टांग टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यातून शिपाई आला. नेहमीप्रमाणं नवा रोल घालायला डबा उघडला, तर डबा रिकामा. मलकापूरचा दुकानदार रोल पाठवेनासा झाला होता, माल खपत नाही म्हणून. शिपाई घाई करत होता. मी कॅमेरा होता तसा गळ्यात टाकला आणि निघालो. कुठं जायचं ते मी विचारलं नाही. गाडी नळगंगेकडं वळली, आणि सुभाषच्या धुऱ्याशी थांबली.

तो पालथा पडला होता. पाठीवरचा फवाऱ्याचा पंप तसाच, पट्टे खांद्यात. भोवती कापूस छातीएवढा. लोक जमले होते आणि त्या हंगामाचा प्रश्न विचारत होते, "घेतलं का लागलं?" फवारताना वारा उलटा फिरला, नाकातोंडात गेलं, तर ते लागलं. आपल्या हातानं प्याला, तर घेतलं. कुणी म्हणालं, "रातीच नवरा-बायकोचं भांडन झालं होतं, शेजाऱ्याईनं आयकलं." तेवढं पुरलं. एकेक जण मान हलवू लागला. जमादारानं मोठ्यानं विचारलं, "काल कोणाशी बोलला होता का हा? कसा होता? उदास-बिदास?"

मी कॅमेऱ्याची काच साफ करत होतो.

मला सांगता आलं असतं. साहेब, काल माझ्याशी बोलला. हसत होता. पुढच्या बाजाराला बायको-पोरीला घेऊन फोटो काढायला येणार होता. एवढंच. पण पुढचा प्रश्न आला असता, तुमच्याकडं कशाला आला होता? आणि त्या वावरात, त्याच्या डोक्याशी उभं राहून, 'रोल संपला नव्हता' हे माझ्या तोंडून निघालं नसतं. फोटोवाल्याला तसंही कुणी काही विचारत नाही. जमादार म्हणाला, "चारी बाजूनं घ्या, पंप दिसू द्या." मी घेत गेलो. उजवीकडून, डावीकडून, पायाकडून. तोंड वळवलं तेव्हा तेही. एक घेतला आणि खटका पुढं सरकेना. खिडकीत पाहिलं. छत्तीस.

त्यानं म्हटल्याप्रमाणं माझा रोल संपवून दिला.

लॅबवरून आलेल्या पाकिटात सगळे एकत्र होते. मी दुकानाचं दार लावून घेतलं. लाल चौकड्यांचा सदरा, हसरा चेहरा, बोंडावर हात. आणि त्याच गठ्ठ्यात खाली ते दुसरे. अब्बा काय म्हणत होते ते मला त्या दिवशी कळलं. पोलिसांचे वेगळे काढले. हा एक मोठा करून आणला आणि मी रडलो, अगदी हमसून. तोंडावर शिव्या देणारं गिऱ्हाईक परवडलं, पण मुकाट्यानं तीनदा परत जाणारं नाही.

ज्योती आली ती पंधरा दिवसांनी. कडेवर दीड वर्षाची पोरगी. मी फोटो पुढं ठेवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा सदरा कोनाचा?"

"माझा."

सगळं सांगितलं तेव्हा ती जराशी हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. पोरगीही रडायला लागली. मग ज्योती डोळे पुसून म्हणाली, "भांडन झालं होतं दादा, मी नाई म्हनत नाई. या फोटोपायीच झालं. म्या म्हनलं, काय रोज रोज फोटोपायी मोताळ्याले जाता, आपलं तोंड कदी पाह्यलं नाई का? तं त्याईले राग आला. सकाळी न जेवता गेले. आता सासरा म्हनते, तुह्यापायी पोरानं घेतलं. घरात ठेवत नाई म्हनते. तुमीच सांगा दादा, ज्याले आपला फोटो पाहाचा हाय, तो मानूस घेईन का?"

मी फोटो पाकिटात घालून तिच्या हातात दिला.

"तुमाले तं सारं मालूम हाय. तुमी सांगा ना माह्या सासऱ्याले. तुमचं आयकतीन ते."

मी म्हणालो, "सांगतो ना. येतोच दोन दिवसांत. हातातलं एवढं काम संपू दे."

हातात कसलं काम होतं? माशा मारत बसलो होतो. दोन दिवसांचे आठ झाले, दिवाळी आली. रोज सकाळी गाडीला किक मारायचो आणि गाडी दुसरीकडे वळायची. म्हाताऱ्यापुढं काय सांगू? की तुझ्या लेकाला मी तीनदा परत पाठवलं, आणि पंचांपुढं तोंडही उघडलं नाही? दिवाळी झाल्यावर कुणीतरी सांगितलं, ज्योतीला सासऱ्यानं घराबाहेर काढलं, ती पोरीला घेऊन माहेरी गेली, पार डोणगावकडं. खोटं कशाला सांगू, ऐकून मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. माणूस इतका नीच असू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढच्या वर्षी मीही डिजिटल घेतला. हंसांचा पडदा शेंगांच्या गोण्या झाकायला गेला. लाल दिव्याच्या खोलीत आता झेरॉक्सचं मशीन आहे. जुन्या निगेटिव्हची पोतीच्या पोती भंगारवाल्यानं नेली. चांदी निघते म्हणे त्यातून. एक पट्टी मात्र मी दिली नाही. कपाटात कुराणशरीफच्या खालच्या खणात ठेवली होती.

मागच्या आठवड्यात एक मुलगी दुकानात आली. पंजाबी ड्रेस, पाठीला बॅग. बुलडाण्याला नर्सिंग करते म्हणाली. "फोटोवाले चाचा तुमीच का?" बॅगेतून तिनं फ्रेम काढली. ओल लागून फोटो काचेला चिकटला होता आणि चेहरा अर्धा निघून गेला होता. लाल चौकड्या मात्र शाबूत होत्या.

"हा नवा होईन का? माय गेली पावसाळ्यात. तिच्या फोटोच्या बाजूले लावाचा हाय, त्याच मापाचा."

मी कपाट उघडलं, पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं निगेटिव्ह कधी पाहिलीच नव्हती. उजेडाकडं धरून ती डोळे बारीक करून बघत राहिली. "हे तं सारं उलटं हाय. कापूस काळा दिसते."

तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. सतराव्या फोटोपासून छत्तिसाव्यापर्यंत. माझं संपल्यावर म्हणाली, "माय सांगे मले. मोताळ्याचे फोटोवाले दादा येनार हायेत म्हने, आबाले सांगाले. मी शाळेत जाओ तवापर्यंत सांगे. मंग सांगनं बंद केलं."

मी मान खाली घातली. यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तीच पुढं म्हणाली, "आबा हाय अजून. नव्वदीचा झाला, पन आयकू येते त्याले. अजून तेच बोलते मायबद्दल, मेल्यावरही. चाला तुमी."

आणि माझं तोंड पाहा! माझं तोंड आपोआप म्हणालं, "येतो ना बेटा. हे जरा दसऱ्याचं काम..."

तिनं पुढं बोलू दिलं नाही. फोन काढला, माझ्यापुढं उभा धरला. "नाई. हितंच सांगा. आत्ता. माय काय म्हनली, बाबा काय म्हनले, सारं. मी आज जाऊन आबाले दाखवतो."

जन्मभर मी याच्या मागच्या बाजूला उभा होतो. हात कुठं ठेवावे कळेना. ती म्हणाली, "हनुवटी वर करा चाचा, चेहरा दिसत नाई." मी हनुवटी वर केली. माझं नाव सांगितलं. म्हणालो, सुभाषनं घेतलं नाही. आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात हसत होता. पुढच्या बाजाराला ज्योतीला आणि पोरीला घेऊन येणार होता. भांडण माझ्या रोलमुळं झालं, ज्योतीचा काही दोष नव्हता. मी हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. एवढं बोललो आणि हातानं 'झालं' असं खुणावलं.

तिनं बटण दाबलं, आणि दाबल्याबरोबर फोन माझ्याकडं फिरवला.

"पाहा चाचा, बरोबर आलं का?"

मला बघवत नव्हतं. पण ती फोन धरून तशीच उभी राहिली, म्हणून मी पाहिलं.